विंचवाचं बिऱ्हाड आणि कायमचा पत्ता

मी रावेरहून बोलतेय. हो, रावेरहूनच. गेले अकरा महिने प्रत्येक भागाची सुरुवात 'आज मी गोकर्णहून', 'आज मी धर्मकोटहून' अशी ऐकायची तुम्हाला सवय झाली असेल. 'फिरणं बंद केलं का?' असं बऱ्याच जणांनी विचारलं. तेच आज सांगायचंय. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना जिथे अडखळले तेवढं काढलंय, बाकी जसंच्या तसं.

मागे चोपड्याच्या एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली होती. "ताई, मी शेवटच्या वर्षाला आहे. मलाही तुमच्यासारखं डिजिटल नोमॅड व्हायचंय. बॉस नको, ऑफिस नको, कोणाला विचारायला नको. काय काय लागतं ते एका भागात सांगा ना." मी लगेच यादी केली. लॅपटॉप, चांगले हेडफोन, चाळीस लिटरची बॅग, पॉवर बँक, दोन सिम, तीन महिन्यांचा खर्च बाजूला. भाग रेकॉर्ड करायचं तेवढं बाकी होतं. आणि त्याच आठवड्यात माझा फोन गेला.

फोन गेला, म्हणजे नेमकं काय गेलं?

फेब्रुवारी संपत आला होता. गोकर्णच्या बस स्टँडवर चढाचढीत कोणीतरी बॅगेच्या पुढच्या कप्प्यातून फोन काढला. मला वाटलं, ठीक आहे, दहा-बारा हजारांचं नुकसान. अर्ध्या तासात कळलं की प्रकरण वेगळं आहे. हॉस्टेलचे पैसे यूपीआयने द्यायचे होते. यूपीआय फोनवर. लॅपटॉपवरून बँकेत शिरावं तर ओटीपी फोनवर. ईमेल उघडावी तर तोही कोड फोनवर. ज्यांचं सबटायटलचं काम मी करते, त्या लोकांशी सगळं बोलणं चॅटवर, तेही फोनवर. घरच्यांचा नंबर? मंडळी, मला माझ्या पप्पांचा नंबर पाठ नव्हता. आजीच्या जुन्या फोनचा नंबर तेवढा आठवत होता, कारण तो लहानपणी भिंतीवर खडूने लिहिलेला असायचा.

सिमच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, हे सिम महाराष्ट्राचं आहे, तिकडे जाऊनच दुसरं घ्या. आणि नावावर कोणाच्या आहे? पप्पांच्या. मग त्यांनाच यावं लागेल.

हॉस्टेलमधल्या एका केरळच्या मुलीने दोन हजार रुपये रोख दिले. ना ओळख, ना पाळख. त्यावर मी जनरलच्या डब्यातून मुंबईला, तिथून भुसावळला आणि भुसावळहून रावेरला आले. सावदा गेलं, निंभोरा गेलं, दोन्ही बाजूंना केळीची रानं दिसायला लागली, आणि मी अकरा महिन्यांत पहिल्यांदा डब्यात बसून रडले. कोणी बघत नव्हतं म्हणून बरं.

दुसऱ्या दिवशी पप्पा माझ्यासोबत दुकानात आले, अंगठा लावला, आणि माझा नंबर, माझे पैसे, माझं काम, सगळं परत चालू झालं. पप्पा गाडीवर बसताना एवढंच म्हणाले, "तू तर म्हने सोतंत्र झाली होती!" टोमणा होता, पण खोटा नव्हता. कोणाला विचारायला नको म्हणून मी निघाले होते, आणि माझी सगळी भटकंती एका सिमवर, ते सिम पप्पांच्या अंगठ्यावर उभं होतं.

आमच्या रानातला वाडा

घरी आल्यावर कळलं की आमच्या शेतात मेंढ्या बसल्यात. शहरातल्या श्रोत्यांसाठी थोडं सांगते. कापूस निघाला की रान मोकळं होतं. जूनमध्ये तिथे मृगबाग लावायची असते, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला लावतात ती केळी. मधल्या काळात मेंढपाळ येतात, रात्री त्यांच्या मेंढ्या रानात बसतात आणि लेंडीखत, मूत थेट जमिनीत जातं. त्याबदल्यात शेतकरी धान्य देतो, काही पैसे देतो. मेंढ्यांना चारा मिळतो, रानाला खत मिळतं.

हे लोक ठेलारी. धुळे जिल्ह्यात, साक्रीच्या बाजूला त्यांची गावं आहेत. पावसाळा आपल्या मुलखात काढायचा, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघायचं, आणि पाऊस तोंडावर आला की परत फिरायचं. आमच्या पट्ट्यात काठेवाडीही येतात, गुजरातेतून गाई घेऊन. लहानपणापासून मी हे तांडे बघत आलेय. पण 'हेही नोमॅड आहेत' हा विचार, खरं सांगते, माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. नोमॅड म्हणजे मी आणि माझं इन्स्टाग्राम.

संध्याकाळी मोटरच्या खोलीत फोन चार्जिंगला लावायला गेले तर तिथे आधीच तीन फोन लावलेले. शेजारी एक एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा बसलेला. त्याची आई बाहेर चूल पेटवत होती. एका घोड्याच्या पाठीवरचं ओझं उतरवून ठेवलेलं, टोपलीखाली कोंबड्या, जाळीच्या आत कोकरं. मी नाव सांगितलं तर मावशी म्हणाल्या, "तुझा आजा मले पोरीसारखा वागवे. त्याच्या टायमापासून वाडा इथंच बसतो आमचा." आजोबांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांना चहा फार गोड लागायचा, हेसुद्धा मावशींना माहीत होतं.

मी त्यांना म्हटलं, "मावशी, मीपण तुमच्यासारखीच फिरते." त्या हसल्या. मुलाने मात्र नीट विचारलं, "म्हणजे कसं ताई?" मी सांगितलं, दोन महिने इथे, तीन महिने तिथे, खोली भाड्याने घेते, लॅपटॉपवर काम करते. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे घर असताना, पैसे देऊन फिरता?"

ह्या एका प्रश्नाने माझी यादी फाडून टाकायला लावली.

भटकणं म्हणजे वाट्टेल तिकडे जाणं नाही

त्यानंतर आठवडाभर मी रोज संध्याकाळी वाड्यावर जाऊन बसत होते. माझा पहिला गैरसमज असा होता की भटके लोक मनाला येईल तिकडे जातात. मावशींच्या वाड्याचा रस्ता आमच्या एस.टी.च्या वेळापत्रकापेक्षा पक्का आहे. कोणत्या महिन्यात कोणत्या गावात कोणाचं रान मोकळं होतं, कोणत्या विहिरीवर पाणी पाजू देतात, कोणत्या गावात भांडण झालं होतं म्हणून वळसा घालायचा, सगळं ठरलेलं. उद्या कुठे जायचं हे बघायला दोघं जण आधी पुढे जातात, शेतकऱ्याशी बोलून येतात. आता त्यात फोनची भर पडली आहे, एवढंच. पण फोन गेला तरी वाडा थांबत नाही, कारण माणसं डोक्यात आहेत.

माझं उलटं होतं. अकरा महिन्यांत मी सात गावांत राहिले आणि त्यातल्या एकाही गावात अडचणीच्या वेळी दार वाजवावं असं घर मी जोडलं नव्हतं. मला वाटायचं, कोणावर अवलंबून नाही म्हणजे मी स्वतंत्र. प्रत्यक्षात मी बँक, ॲप, मोबाईल कंपनी आणि पप्पा ह्यांच्यावर अवलंबून होते. फक्त ते दिसत नव्हतं. मावशी दिसतील अशा माणसांवर अवलंबून आहेत, आणि ती माणसंही त्यांच्यावर. आमच्या पप्पांना खत हवं असतं ना.

आता कोणी म्हणेल, वा, मग ठेलाऱ्यांचं आयुष्य किती छान! थांबा. दुसरी बाजूही आहे, आणि ती त्या मुलानेच सांगितली.

त्याला मेंढरांमागे जायचं नाही. शिकून कुठेतरी नोकरीला लागायचंय. दहावी झाला, पण शाळा मध्ये दोनदा सुटली, कारण वाडा निघाला की तोही निघायचा. पुढे प्रवेशासाठी, फीच्या सवलतीसाठी जातीचा दाखला हवा. आणि तिथे गाडी अडली.

भटक्याला विचारलेला प्रश्न: १९६१ साली कुठे राहत होतात?

हा भाग जरा नीट वाचा, कारण आपल्यापैकी अनेकांना हे माहीत नसतं. महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींचा दाखला काढताना २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख महत्त्वाची असते. त्या तारखेच्या आधीपासून आपलं कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं, हे दाखवावं लागतं. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, सातबारा, गावच्या दप्तरातली जन्माची नोंद, असं काहीतरी.

आता विचार करा. ज्याचा पणजोबा आठ महिने रस्त्यावर होता, शाळेत गेला नाही, ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याने १९६१ आधीचा पत्ता कुठून आणायचा? भटका असल्याचा दाखला हवा तर आधी स्थिर असल्याचा पुरावा द्या! मुलगा हे सांगताना चिडला नव्हता. "चार फेऱ्या झाल्या, ताई. दर फेरीला वाडा पुढं गेलेला असतो, मग यायला-जायला दोन दिवस." एवढंच बोलला.

माझ्या वडिलांनी अंगठा लावला आणि माझं काम दहा मिनिटांत झालं. त्याच्या वडिलांचा अंगठा चालत नाही, कारण अंगठ्यामागे कागद नाही. आम्ही दोघंही फिरतो. मी कधीही थांबू शकते, त्याला थांबता येत नाही. फिरण्याचं स्वातंत्र्य आणि थांबण्याचं स्वातंत्र्य, दोन्ही असतील तरच त्याला निवड म्हणता येतं. मी ज्याला 'लाइफस्टाइल' म्हणत होते, त्यातलं अर्धंच त्याच्या वाट्याला आलंय.

रेल्वे १८७०, कायदा १८७१

भटक्यांकडे कागद नाहीत, हे आपोआप झालेलं नाही. ह्याला इतिहास आहे आणि तो आमच्या रावेरच्या स्टेशनावरूनच जातो.

रेल्वे येण्याआधी धान्य, मीठ असा माल एका मुलखातून दुसऱ्या मुलखात कोण न्यायचं? लमाण, म्हणजे बंजारा समाजाचे बैलांचे तांडे. फौजांनाही रसद तेच पोचवायचे. तेव्हा फिरणारा माणूस उपयोगाचा होता, त्याची वाट बघितली जायची. मग रेल्वे आली. १८७० साली मुंबई ते कलकत्ता हा रेल्वेमार्ग जोडला गेला, तो भुसावळ, रावेर, बऱ्हाणपूर, खंडवा असाच. मालगाडी आली, बैलांच्या तांड्यांचं काम गेलं.

आणि पुढच्याच वर्षी, १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १९११च्या कायद्यानंतर तो देशात इतरत्रही लावता आला. काही जमातींना सरकारी यादीत घालून जन्मानेच गुन्हेगार ठरवलं गेलं. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर पास घ्यायचा. कुठे कुठे तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये राहायचं. आपल्या सोलापूरला अशी मोठी सेटलमेंट होती. ज्याचा धंदाच फिरण्याचा, त्याचं फिरणं हाच गुन्हा झाला.

देशाला स्वातंत्र्य मिळालं १५ ऑगस्ट १९४७ला. हा कायदा देशातून रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ला. पाच वर्षं सोळा दिवस उशिरा. म्हणून ह्या जमातींना 'विमुक्त' म्हणतात आणि ३१ ऑगस्टला अनेक ठिकाणी विमुक्त दिन पाळला जातो. माझ्या शाळेत पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी निघायची, एकतीस ऑगस्टबद्दल कोणी एक शब्द सांगितला नाही. पुढे ह्या समाजांच्या परिस्थितीवर दोन राष्ट्रीय आयोगांनी अहवाल दिले, २००८ साली बाळकृष्ण रेणके आयोगाने आणि नंतर भिकू रामजी इदाते आयोगाने. दोघंही अध्यक्ष महाराष्ट्रातलेच. २०२२ मध्ये केंद्राने शिक्षण, आरोग्य, घरं आणि रोजगारासाठी 'सीड' नावाची योजना सुरू केली, पाच वर्षांत २०० कोटी रुपयांची. पण तिचा फायदा घ्यायलाही पुन्हा दाखला लागतोच.

राईनपाडा

कायदा कागदावरून गेला, पण नजरेतून गेला का? ह्याचं उत्तर खानदेशातच आहे आणि त्याचा संबंध तुमच्या-माझ्या हातातल्या फोनशी आहे.

१ जुलै २०१८. साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडे बाजाराचा दिवस, रविवार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत गावात आले होते. त्यातले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले. त्या दिवसांत मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज व्हॉट्सॲपवर सगळीकडे फिरत होते. जमावाने त्या पाचही जणांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि मारून टाकलं. पाच माणसं. पोट भरायला निघालेली.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटमध्ये फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली.

हे मी आत्ता का सांगतेय? कारण त्या काळात मी कॉलेजात होते आणि तो मेसेज माझ्याही फोनवर आला होता. मी तो आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला होता. 'काळजी घ्या' असं लिहून. राईनपाड्याशी माझा थेट संबंध नाही, हे मला कळतं. पण अनोळखी फिरस्त्याकडे संशयाने बघायला लावणाऱ्या त्या हवेत माझाही एक फुंकर होताच. हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

मावशींना मी ह्याबद्दल विचारलं. त्यांना राईनपाडा चांगलं आठवत होतं, त्यांच्याच तालुक्यातलं ते. "त्या साली पोरांना एकट्यानं रान बघाया धाडलं नाही," म्हणाल्या. "दुसरा माणूस सोबत, आणि गावात शिरायच्या आधी पोलीस पाटलाला फोन."

आता माझा अनुभव बघा. मी नव्या गावात जाते तेव्हा हॉस्टेलवाला आधारचा फोटो काढून घेतो आणि वर लिंबू सरबत देतो. कधी एखादी घरमालकीण 'एकटीच राहणार का, घरचे कुठे आहेत?' असं खोदून विचारते. मुलगी म्हणून ते सोसावं लागतं, रागही येतो. पण मला कोणी चोर समजलेलं नाही. रस्ता तोच, पाठीवर बिऱ्हाड तेच. फरक पाठीवरच्या बॅगेच्या ब्रँडचा आहे, बोलीचा आहे आणि खिशातल्या कार्डाचा आहे.

'डिजिटल नोमॅड' हा शब्द कुठून आला?

हा शब्द गाजला तो १९९७ साली आलेल्या एका इंग्रजी पुस्तकामुळे. त्सुगिओ माकिमोतो आणि डेव्हिड मॅनर्स हे त्याचे लेखक. तंत्रज्ञान इतकं लहान आणि स्वस्त होईल की माणसाला काम करायला एका जागी बसावं लागणार नाही, असा त्यांचा अंदाज होता. तो बराच खरा ठरला. २०२० साली एस्टोनिया ह्या युरोपातल्या छोट्या देशाने खास डिजिटल नोमॅड व्हिसा सुरू केला. या, आमच्या देशात राहा, काम तुमच्या देशातलं करा. अट काय होती? सुरुवातीला दरमहा किमान ३,५०४ युरो कमाई दाखवायची. नंतर बऱ्याच देशांनी असे व्हिसा काढले.

म्हणजे फिरणाऱ्याचं स्वागत करायचं की त्याच्यावर पाळत ठेवायची, हे तो किती कमावतो त्यावर ठरतं. आपल्या राज्यघटनेत मात्र अशी काही अट नाही. कलम १९ म्हणतं, प्रत्येक नागरिकाला देशभर कुठेही फिरण्याचा आणि कुठेही राहण्याचा हक्क आहे. मला आणि त्या मुलाला, दोघांना सारखाच.

मग प्रश्न असा येतो की हा हक्क रस्त्यावर कधी उतरतो? मला जे समजलंय ते असं. माणूस फिरतो तेव्हा त्याच्या गरजाही त्याच्यासोबत फिरायला हव्यात. तुमची बँक तुमच्यासोबत फिरते म्हणून तुम्ही गोव्याला जाऊ शकता. आता बाकीच्या गोष्टी बघू.

रेशन फिरायला लागलंय. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात ह्यांच्यात एकमेकांच्या राज्यातलं रेशन घेण्याची सोय झाली, आणि २०२२ पर्यंत 'एक देश एक रेशन कार्ड' सगळ्या राज्यांत पोचलं. कार्ड साक्रीचं असलं तरी धान्य रावेरच्या दुकानातून घेता येतं. मावशींना हे ठाऊक होतं, पण घरातल्या दोघांची नावं आधारला जोडलेली नव्हती.

शाळा कायद्याने फिरते. शिक्षण हक्क कायदा २००९ सांगतो की मुलाला दुसऱ्या शाळेत जायचं असेल तर मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यायचा, आणि दाखला उशिरा आला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही.

चराईचाही हक्क कागदावर आहे. वनहक्क कायदा २००६ मध्ये भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा स्पष्ट उल्लेख आहे. पण सातपुड्याच्या पायथ्याला राहणाऱ्यांना माहीत आहे की कायद्यातली ओळ आणि नाक्यावरचा गार्ड ह्यांच्यात किती अंतर असतं.

मत मात्र फिरत नाही. जिथे राहता तिथल्याच यादीत नाव आणि तिथेच जाऊन मत. जानेवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने दूरवरून मत देता येईल अशा यंत्राच्या प्रात्यक्षिकासाठी पक्षांना बोलावलं होतं, पण ते वापरात आलेलं नाही. १३ मे २०२४ला रावेर लोकसभेचं मतदान होतं, तेव्हा नोकरीनिमित्त मी पुण्यात होते आणि तिकीट काढून आले. वाड्यावरच्या लोकांना त्यासाठी मेंढरं कोणावर सोपवायची हा प्रश्न असतो.

मग, यादीत काय काय?

चोपड्याच्या भावा, तुझी यादी उशिरा देतेय, माफ कर. लॅपटॉप आणि बॅगेचं तुला यूट्यूबवर मिळेल. माझी यादी वेगळी आहे.

पहिलं, सिम स्वतःच्या नावावर घे. बँक खात्याचा नंबर, दोन माणसांचे फोन नंबर आणि थोडी रोकड कागदी वहीत आणि फोनपासून वेगळ्या खिशात ठेव. दुसरं, जिथे महिन्याच्या वर राहशील तिथे एक तरी माणूस जोड. दुकानदार, खानावळवाली, शेजारची आजी. नुसतं पैसे देण्या-घेण्याचं नातं अडचणीत पुरत नाही. तिसरं, घर सोडताना भांडून सोडू नकोस. परतीचं दार उघडं आहे म्हणूनच आपण 'निघालो' म्हणू शकतो. चौथं, तुझ्या गावात बाहेरचं बिऱ्हाड उतरलं तर घाबरवणारा मेसेज पुढे ढकलण्याआधी जाऊन चहा पाज. नाव विचार. शंका आलीच तर पोलिसांना फोन कर, ग्रुपवर टाकू नकोस.

आणि पाचवं. तुला फॉर्म भरता येतात, वेबसाइट उघडता येते, अर्जाची भाषा कळते. हे किती मोठं भांडवल आहे हे मला ह्या महिन्यात कळलं. मी आणि तो मुलगा दोन दिवस माझ्या लॅपटॉपवर बसलो. त्याच्या चुलत आजोबांचं नाव गावच्या जुन्या शाळेच्या रजिस्टरमध्ये असेल असं मावशींना आठवलं. कोणत्या साली, ते नाही आठवलं. 'मोठा दुष्काळ पडायच्या आधी' एवढंच. त्या शाळेला आम्ही माहितीसाठी अर्ज लिहिला. घरातल्या दोघांचं आधार रेशनला जोडायचं कामही केलं, ते झालं. दाखल्याचं अजून काही कळलेलं नाही. कदाचित नाव सापडेल, कदाचित नाही. मी खोटी आशा लावत नाही.

वाडा गेल्या गुरुवारी पहाटे उठला. मी उठेपर्यंत रान रिकामं झालं होतं, चुलीचे तीन दगड तेवढे राहिले होते. अर्जाच्या पोचपावतीचा फोटो त्या मुलाच्या फोनवर आहे, आणि त्याचा नंबर माझ्या कागदी वहीत. अर्जावर उत्तराचा पत्ता म्हणून आमचं रावेरचं घर लिहिलंय. पप्पांना विचारूनच लिहिलं. ते म्हणाले, "लिही की. त्याच्या आजानं आन् आपल्या आजानं एकाच चुलीवरचा चहा पेला हाय."

मी पुढच्या महिन्यात परत निघतेय. ह्या वेळी लांब नाही, आधी साक्री. मावशींनी पावसाळ्यात गावाकडे बोलावलंय. आणि हो, सिम आता माझ्या नावावर आहे.

तुमच्या गावात दरवर्षी कोण येतं, कुठून येतं, कोणत्या महिन्यात? त्यांचं नाव तुम्हाला माहीत आहे का? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकू. तोवर, राम राम मंडळी!